काचवाल्यांच्या डिरेक्टरीत नंबर टाकला की वीस कॉल येतात, पण माणूस एकही येत नाही. काय करायचं?

हा प्रॉब्लेम आमच्या सोसायटीत दर वर्षी मे-जूनमध्ये येतो म्हणजे येतोच. वळवाचा पाऊस सुरू झाला, संध्याकाळी एकदम वारा सुटला की कुणाच्या तरी बाथरूमची झडप आपटते, कुणाच्या गॅलरीतली कुंडी पडते, आणि काच जाते. मग मोबाइलवर काच दुरुस्तीची डिरेक्टरी उघडायची, फॉर्म भरायचा, ओटीपी टाकायचा, आणि पुढचे दोन दिवस कॉल घेत बसायचं. नाशिक, नागपूर, कुठून कुठून कॉल. एक जण विचारतो मोबाइलची काच का, दुसरा म्हणतो गाडीची का, तिसरा म्हणतो पूर्ण घराचं इंटिरियर करायचंय का. आणि खिडकीला पोत्याचा तुकडा तसाच लटकलेला.

मी पुण्यात कर्वेनगरला राहते, सोसायटीच्या कमिटीत आहे, त्यामुळे स्वतःच्या घरची एक आणि दुसऱ्यांच्या घरच्या बऱ्याच काचांसाठी हे सगळं केलंय. आता साधारण कळलंय की गाडी नेमकी कुठं अडते. काचवाले नाहीत असं अजिबात नाही, चांगले कारागीर जवळपासच असतात, पण आपण त्यांच्यापर्यंत पोचतच नाही आणि पोचलो तरी त्यांना लागणारी माहिती आपण देत नाही. म्हणून हे सविस्तर लिहितेय, थोडं लांबेल.

कॉलचा पाऊस का पडतो

डिरेक्टरीत दोन प्रकारची बटणं असतात. एक असतं "बेस्ट प्राइस मिळवा" किंवा "कोटेशन मागवा" असं मोठं रंगीत, आणि दुसरं असतं एकेका दुकानाच्या नावापुढं कॉलचं छोटं चिन्ह. पहिलं दाबलंत की तुमची चौकशी एका दुकानाला जात नाही, पैसे भरून मेंबर झालेल्या बऱ्याच जणांना एकदम जाते, कारण अशा डिरेक्टरीचा धंदाच चौकशा पुरवण्याचा आहे. त्यातले काही खरे काचवाले असतात, काही नुसते मधले लोक असतात जे पुढं कुणाला तरी काम देऊन आपलं कमिशन काढतात. म्हणून मोठं बटण दाबूच नका. यादी खाली सरकवत जा, आपल्या भागातलं दुकान शोधा, त्याच्या पानावर जा आणि तिथून संपर्क करा.

पण इथंही एक गोम आहे. काही डिरेक्टऱ्यांत दुकानाच्या नावापुढं जो नंबर दिसतो तो दुकानाचा नसतोच, डिरेक्टरीचा स्वतःचा नंबर असतो आणि तो कॉल वळवून पुढं पाठवला जातो. दुकानदाराने नाही उचलला तर कधीकधी तो दुसऱ्याच कुणाकडं जातो. आधी रेकॉर्ड केलेलं स्वागत वाजलं आणि मग कुणी तरी "कुठली सर्व्हिस हवी होती?" असं विचारलं तर समजा की हा मधला माणूस आहे.

यावर मला सापडलेला सगळ्यात सोपा उपाय म्हणजे दुकानाचे फोटो बघणं. बहुतेक लिस्टिंगमध्ये एखादा तरी फोटो दुकानाच्या बाहेरून काढलेला असतो आणि त्यात बोर्ड दिसतो. बोर्डवर नाव, पत्ता आणि खाली मालकाचा मोबाइल नंबर रंगवलेला असतो. फोटो मोठा करून तो नंबर वाचायचा आणि थेट त्यावर फोन करायचा. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना डिरेक्टरीच्या नंबरवरून तीन दिवस कुणी धड उत्तर देत नव्हतं, बोर्डवरचा नंबर लावला तर मालकानेच उचलला, म्हणाले, "मावशी, तुमची चौकशी माझ्यापर्यंत आलीच नाही. मी तुमच्यापासून दोन चौक पुढं आहे."

चुकीच्या कॅटेगरीत शोधताय का तेही बघा

"ग्लास रिपेअर" लिहिलं की मोबाइलच्या स्क्रीनवाले, गाडीच्या विंडशील्डवाले, चष्मेवाले सगळे येतात. खरं तर आपल्याकडं खिडकीची काच बदलणारा माणूस स्वतःला ग्लास रिपेअरवाला म्हणवतच नाही. तो असतो "ॲल्युमिनियम सेक्शन वर्क", "स्लायडिंग विंडो फॅब्रिकेटर" किंवा "ग्लास अँड प्लायवूड" या नावाखाली. बोलताना आपण त्याला स्लायडिंगवाला म्हणतो, तर शोधतानाही तेच शब्द टाका, फरक लगेच दिसेल.

लाकडी चौकटीची जुनी खिडकी असेल तर तो वेगळा माणूस. तिथं काच लाकडी पट्टीनं किंवा लांबी (म्हणजे पुट्टी) भरून बसवलेली असते, आणि स्लायडिंगवाले पोरं लांबीचं काम आता बहुतेक करत नाहीत. त्यासाठी सुतार किंवा जुना काचवाला गाठावा लागतो. पेठांमधल्या जुन्या घरात राहणाऱ्यांनी डिरेक्टरीत वेळ घालवण्यापेक्षा भवानी पेठेत टिंबर मार्केटला सरळ चक्कर मारावी, तिथं प्लायवूड, हार्डवेअर आणि काच सगळं एकाच भागात आहे आणि दुकानात उभं राहून विचारलं की लांबीचं काम कोण करतं ते कळतं.

आणि लूव्हर्स असतील, म्हणजे बाथरूमच्या आडव्या काचेच्या पट्ट्या, तर माणूस बोलवूच नका. फुटलेल्या पट्टीशेजारची चांगली पट्टी क्लिपमधून अलगद सरकवून काढा, ती पेपरमध्ये गुंडाळून दुकानात न्या, तशीच कापून मिळते. कडा तेवढ्या घासून घ्या म्हणावं.

फोन उचलतात, "येतो" म्हणतात, पण येत नाहीत

हे सगळ्यात जास्त होतं आणि लोक यालाच जास्त वैतागतात. मीही वैतागले होते. मग एकदा दुकानात बसून त्यांची बाजू ऐकली आणि मला ती पटली. एका काचेसाठी त्यांना आधी माप घ्यायला यावं लागतं, परत दुकानात जाऊन काच कापायची, मग दोन माणसं लागतात, एक गाडी चालवायला आणि एक मागं काच धरून बसायला, मग बसवायची, फुटकी काच काढायची. अर्धा दिवस गेला, आणि बिल एका छोट्या काचेचं. त्याच वेळी कुणाचं तरी अख्ख्या फ्लॅटच्या खिडक्यांचं काम चालू असतं. साहजिक आहे की तो तिकडं जाणार.

म्हणून फोनवर पहिल्या मिनिटातच दोन गोष्टी सांगायच्या. एक, "माप आणि फोटो मी पाठवते, तुम्हाला बघायला वेगळी चक्कर पडणार नाही." दुसरी, "व्हिजिट चार्ज काय असेल तो देईन, काम झालं तर बिलात धरा." या दोन वाक्यांनी जेवढा फरक पडतो तेवढा दहा वेळा फोन करून पडत नाही. समोरच्याला कळतं की याचं काम खरं आहे आणि आपला वेळ वाया जाणार नाही.

तिसरा उपाय सोसायटीतल्या लोकांसाठी. एकट्यानं बोलावू नका. ग्रुपवर विचारा की अजून कुणाचं काचेचं, बेअरिंगचं, जाळीचं काम आहे का. आमच्याकडं मागच्या वेळी एक काच, दोन शटरची (खिडकीच्या सरकत्या पानांची) बेअरिंग आणि एक मच्छरजाळी असं चार घरांचं मिळून झालं आणि माणूस सांगितलेल्या वेळेच्या आधी गेटवर हजर होता.

गेटवरून आठवलं. बऱ्याचदा माणूस येतो पण आत पोचत नाही. गेटवरच्या ॲपवरून परवानगीचा कॉल येतो, आपण अनोळखी नंबर म्हणून उचलत नाही (आधीच वीस कॉलनी डोकं उठलेलं असतं ना), वॉचमन त्याला परत पाठवतो आणि तो पुन्हा येत नाही. त्या दिवशी आधीच एंट्री करून ठेवा, आणि काच लिफ्टमध्ये नेऊ देतात का ते वॉचमनला विचारून ठेवा. उंच काच लिफ्टमध्ये मावतही नाही, मग जिन्यानं चढवावी लागते, ते आधी सांगितलेलं बरं.

खरा काचवाला कसा ओळखायचा

तो काय विचारतो यावरून. ज्याला काम येतं तो तुमचा एरिया विचारल्यावर लगेच विचारेल, "किती एमएम? प्लेन की टफन (साधी की भट्टीत तापवून मजबूत केलेली)? स्लायडिंग आहे का उघडायची? नग किती?" ज्याला येत नाही तो तुमचं बजेट विचारेल, ईमेल विचारेल आणि "आमचा एक्झिक्युटिव्ह कॉल करेल" म्हणेल. मी तर आता उलट विचारते, "दादा, काच तुम्ही स्वतः कापता का, दुकान कुठं आहे?" दुकान कुठं आहे ते जो सरळ सांगतो त्याच्याशीच पुढं बोलायचं.

आता मापाचं, हे नीट वाचा

फोनवर एक भाव आणि घरी आल्यावर दुसरा भाव, किंवा काच आणली आणि बसलीच नाही, या दोन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा मापात असतं.

माझ्या बेडरूमच्या स्लायडिंगचं सांगते. शटरचं खालचं बेअरिंग झिजलं होतं, शटर रुळावरून उतरलं, तिरकं अडकलं, मी जोर लावून ढकललं आणि काचेला खालच्या कोपऱ्यातून वरपर्यंत तडा गेला. टेप लावून रुंदी मोजली, साडेबावीस इंच आली, आणि व्हॉट्सॲपवर लिहिलं २२.५. काचवाल्यानं काच कापून आणली, दोघांनी मिळून शटर खाली उतरवलं, स्क्रू काढले, आणि काच काही सेक्शनच्या (ॲल्युमिनियमच्या चौकटपट्टीच्या) खाचेत रबरासकट बसेना. त्यानं टेप लावली, मी लावली. काच २२ इंच ५ सूत धरून कापलेली होती.

चूक कुणाची म्हणायची? काच आणि सुतारकामात माप इंच आणि सुतात चालतं. एका इंचाचे आठ सूत. अर्धा इंच म्हणजे चार सूत. त्यांच्या डायरीत २२.५ लिहिलं तर त्याचा अर्थ बावीस इंच पाच सूत, आणि शाळेत शिकल्याप्रमाणे आपण लिहिलं तर त्याचा अर्थ बावीस पूर्णांक पाच दशांश, म्हणजे बावीस इंच चार सूत. फरक एका सुताचा, जेमतेम तीन एमएम. पण ॲल्युमिनियमच्या खाचेत तीन एमएम म्हणजे खूप झालं. माझी काच प्लेन होती म्हणून वाचलो, ती त्यानं परत नेली, दुसऱ्या एका लहान खिडकीला कापून वापरली आणि मला नवीन आणून दिली. टफन असती तर ती तशीच फेकून द्यावी लागली असती, कारण टफन काच नंतर कापताच येत नाही, भोकही पाडता येत नाही. आधी मापात कापून, कडा घासून, भोकं पाडून मग ती भट्टीत जाते, सहाशे अंशांच्या वर तापवतात आणि जोराच्या हवेनं झटकन गार करतात, त्यामुळं ती साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत होते, पण एकदा झाली की झाली.

तेव्हा दशांश चिन्ह वापरूच नका. "२२ इंच ४ सूत" असं अक्षरांत लिहा, किंवा सगळंच एमएममध्ये लिहा, ५७२ एमएम. मिसळू नका. रुंदी आधी, उंची नंतर, आणि कुठलं कुठलं ते शब्दात लिहा.

रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजा. उंचीही तशीच. फरक येत असेल तर तिन्ही आकडे पाठवा, तो सगळ्यात लहान धरून कापेल. आणि हे सांगायला विसरू नका की हे "दिसणारं माप" आहे. काच सेक्शनच्या खाचेत सगळ्या बाजूंनी थोडी आत गेलेली असते, किती आत ते सेक्शनवर अवलंबून असतं, डोमलचं (जाडजूड, रुंद सेक्शनचं) वेगळं, साध्या स्लायडिंगचं वेगळं. ते वाढवण्याचं काम त्याचं आहे, आपण अंदाजानं वाढवून सांगायला जाऊ नये. नाहीतर आपणही वाढवतो आणि तोही वाढवतो.

जाडीसाठी फुटलेल्या काचेचा एखादा तुकडा हातमोजा किंवा जाड फडकं घेऊन उचला आणि त्याच्या कडेवर शाळेतली पट्टी एमएमच्या बाजूनं टेकवून फोटो काढा. घरच्या खिडक्यांना सहसा ४ किंवा ५ एमएम असते. शॉवरचं पार्टिशन, काचेचं दार असेल तर ८, १०, १२ अशी जाड आणि टफन.

प्लेन की टफन हे तुकड्यांवरून कळतं. लांब धारदार सुऱ्यांसारखे तुकडे झाले तर प्लेन, खडीसाखरेसारखे बारीक दाणे झाले तर टफन. न फुटलेल्या शेजारच्या काचेचा कोपरा बघा, टफन असेल तर तिथं सहसा न पुसला जाणारा छोटा शिक्का असतो, त्याचाही फोटो पाठवा. सेफ्टी काचेचं भारतीय मानक आयएस २५५३ आहे, नवीन टफन घेताना शिक्क्यात ते आहे का बघून घ्या. बाथरूमची असेल तर डिझाइन सांगा, पिनहेड (बारीक दाण्यांच्या नक्षीची) आहे की नुसती दुधी, कारण दुकानात दोन्ही असतात आणि शेजारच्या झडपेशी मॅच झालं नाही तर ते रोज डोळ्यात खुपतं. गॅलरीच्या रेलिंगला काच असेल तर मात्र नुसती टफन आहे की लॅमिनेटेड ते विचारूनच घ्या. लॅमिनेटेड म्हणजे दोन काचांच्या मध्ये पारदर्शक थर असतो, फुटली तरी ती त्या थराला चिकटून राहते, खाली खेळणाऱ्या पोरांच्या डोक्यावर पडत नाही.

मी आता सगळ्यांना हाच मेसेज कॉपी करायला देते, आपापले आकडे घालायचे.

"नमस्कार दादा. कर्वेनगर, तिसरा मजला, लिफ्ट आहे. बेडरूमची थ्री ट्रॅक स्लायडिंग, एक शटर. काच प्लेन क्लिअर ५ एमएम. दिसणारं माप रुंदी २२ इंच ४ सूत, उंची ४६ इंच. शटर आतून काढता येतं. खालचं बेअरिंग पण गेलंय. फोटो पाठवलेत. भाव काय पडेल, मजुरी आणि बेअरिंग धरून, आणि कधी जमेल?"

सोबत चार फोटो, आख्खी खिडकी आतून, फुटलेला भाग, जाडीवर पट्टी लावलेला तुकडा, आणि सेक्शनचा कोपरा जवळून. ज्या दिवशी मी हा मेसेज तीन दुकानांना पाठवला त्या दिवशी तिघांकडून संध्याकाळपर्यंत भाव आले, त्यातल्या एकानं तर फोटो बघूनच सांगितलं की मॅडम बेअरिंग एक नाही दोन्ही बदला.

भाव का बदलतो

काच स्क्वेअर फुटावर विकली जाते पण बिल तुमच्या मापाचं होत नाही, पुढच्या तीन किंवा सहा इंचाच्या पटीत वाढवून होतं. माझीच काच घ्या. साडेबावीस बाय शेहेचाळीस म्हणजे सात स्क्वेअर फुटांच्या जरा वर. बिलात आली चोवीस बाय अठ्ठेचाळीस, म्हणजे आठ. पहिल्यांदा मला वाटलं फसवलं, पण मोठ्या शीटमधून कापताना उरलेली बारीक पट्टी कुणाच्या उपयोगाची नसते, ती कुणाच्या तरी बिलात जाणारच, बहुतेक ठिकाणी हीच पद्धत आहे. फक्त भाव विचारताना "राउंडिंग किती इंचाचं?" हे विचारलं की नंतर वाद होत नाही. मजुरी, वाहतूक, रबर, सिलिकॉन, जुनी काच काढायचे पैसे आणि जीएसटी भावात धरलेत का तेही तिथंच विचारा. लाजू नका, त्यांनाही हे प्रश्न आवडतात, कामाचा गिऱ्हाईक आहे हे कळतं.

बाहेरून बसवायची फिक्स काच असेल आणि तुम्ही वरच्या मजल्यावर असाल तर भाव दुप्पट-तिप्पट ऐकू आला तरी घासाघीस करू नका. त्या माणसाला दोरावर किंवा झोपाळ्यावर बाहेर लटकायचंय. पट्टा आणि हेल्मेट आहे का हे विचारा आणि सोसायटीची परवानगी आधी काढून ठेवा.

पैसे आणि फसवणूक

यायच्या आधी "रजिस्ट्रेशनचे पाच रुपये" या लिंकवर भरा, हे ॲप टाका, असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा. काचवाला रजिस्ट्रेशन घेत नाही. ती लिंक किंवा ते ॲप तुमची बँकेची माहिती चोरण्यासाठी किंवा स्क्रीन बघण्यासाठी असतं. आणि "तुमचा ॲडव्हान्स परत पाठवतोय, पिन टाका" म्हणाला तर लक्षात ठेवा, यूपीआयवर पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही, पिन फक्त पैसे द्यायला लागतो. गेलेच पैसे तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

पण प्रत्येक ॲडव्हान्स म्हणजे फसवणूक नाही. टफन काच तुमच्याच मापाची बनते, दुसऱ्या कुणाला विकता येत नाही, म्हणून माप घेऊन झाल्यावर अर्धे पैसे मागणं बरोबर आहे. माप घ्यायच्या आधी नाही. आणि पावतीवर माप, जाडी, टफन की प्लेन हे लिहून घ्या. पैसे घेऊन काम केलंच नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि तिथं तक्रार करताना ही पावती कामाला येते.

काम झाल्यावर कॉल थांबवायचे कसे

आधी डिरेक्टरीच्या ॲपमध्ये जाऊन आपली चौकशी बंद करा, "काम झालं" किंवा "गरज नाही" असा पर्याय बहुतेक ठिकाणी असतो. ती उघडी राहिली की पुढं पाठवली जात राहते. तरी कॉल आले तर १९०९ वर डीएनडी (जाहिरातीचे कॉल नकोत अशी नोंद) नोंदवा. आणि लिस्टिंगमधला नंबर चुकीचा निघाला, दुकान बंद झालेलं असलं, तर दोन मिनिटं काढून मॅपवर "बदल सुचवा" मधून ते कळवा. पुढच्या माणसाची एक दुपार वाचते.

काच यायची आहे तोवर

तडा गेलेल्या काचेवर आतून बाहेरून रुंद सेलोटेप उभी-आडवी लावून ठेवा, शटर हलवू नका. भोक पडलं असेल तर आतून प्लास्टिकचा कागद आणि त्यावर पुठ्ठा. काढलेले तुकडे चार पदरी पेपरमध्ये गुंडाळून, दोरीनं बांधून, वर मोठ्या अक्षरात "काच" लिहून मगच कचऱ्यात द्या आणि कचरा न्यायला येणाऱ्या ताईंच्या हातात देताना तोंडानंही सांगा. त्या हातानं कचरा वेगळा करतात. आमच्याकडच्या ताईंच्या तळव्यावर जुनी काच लागल्याची आडवी खूण आहे, ती बघितल्यापासून मी हे कुणालाच विसरू देत नाही.

तीच काच परत परत जात असेल तर

हे मात्र फोन करतानाच सांगा, कारण मग नुसती काच बदलून उपयोग नाही. शटर रुळावरून उतरत असेल तर बेअरिंग. काच खाली रबराशिवाय थेट ॲल्युमिनियमवर टेकली असेल किंवा एखादा स्क्रू तिला टोचत असेल तर तिथूनच तडा सुरू होतो. काळी फिल्म लावलेली आणि अर्ध्या भागावर ऊन, अर्ध्यावर सावली पडते अशी पश्चिमेची खिडकी असेल तर उन्हानंही काच जाते, तो तडा कडेपासून काटकोनात सुरू होतो. टफन काच कधी कधी कुणी हात न लावताही अचानक फुटते, काच बनताना आत निकेल सल्फाइडचा बारीक कण राहिलेला असतो त्यामुळं. अशा वेळी "हीट सोक केलेली मिळेल का" असं विचारा, त्यात अशा काचा आधीच भट्टीत तापवून बघतात आणि कमकुवत असलेल्या बहुतेक तिथंच फुटून जातात.

आणि आरसा बसवताना किंवा मार्बलला लागून सिलिकॉन मारताना "न्यूट्रल" सिलिकॉन आणा असं आधीच सांगा. व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सिलिकॉन आरशाचा मागचा थर खातं आणि मार्बलवर डाग पाडतं.

शेवटी मी टिंबर मार्केटला गेले होते ते सांगते. माझी ती बदलून मिळालेली काच तिथं काचवाल्या काकांनी माझ्यासमोर कापली. टेबलावर जाड नमदा अंथरलेला, काकांनी कटरचं टोक रॉकेलच्या डबीत बुडवलं, लोखंडी पट्टी धरली, एकच रेघ ओढली, चर्र असा एकसारखा आवाज, मध्ये कुठंही न थांबता. काच टेबलाच्या कडेवर आणली, हलका दाब दिला, टक. रेघेवरच तुटली. मी विचारलं रेघ परत का नाही ओढत, म्हणाले, "ताई, दुसऱ्यांदा ओढली की काच ऐकत नाही." त्यांनी कापायच्या आधी माझा मेसेज मोबाइलवर मोठ्यानं वाचला होता, "बावीस इंच चार सूत," आणि माझ्याकडं बघून थांबले होते, मी हो म्हणाले तेव्हाच कटर उचलला.

त्यांचा नंबर, आमच्या खिडक्यांच्या काचेची जाडी आणि तिन्ही प्रकारच्या शटरची मापं, सुतासकट, आता सोसायटीच्या ऑफिसमधल्या फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलीत. बिल्डिंग एकाच बिल्डरची, खिडक्या सगळ्यांच्या सारख्याच, त्यामुळं वरच्या मजल्यावर या जूनमध्ये काच गेली तेव्हा त्यांनी डिरेक्टरी उघडलीच नाही, पानाचा फोटो पाठवला आणि चौथ्या दिवशी काच बसली.